छायाचित्रातील कुंकू



नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी माझ्या आजीचे एक छायाचित्र आहे. ते १९२४ सालचे, तिच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांनी काढलेले. चित्र सर्व काळे-पांढरे आहे. कपाळावरील कुंकू मात्र लाल आणि हातांतील बांगड्या हिरव्या आहेत. छायाचित्रकाराकडील रंगाऱ्याने हे दोन रंग मागाहून कुंचल्याने भरले. बाकीचे रंग का भरले नाहीत, असे मी लहानपणी विचारले, तेव्हा आजी म्हणाली, "तुझ्या आजोबांजवळ तेवढेच पैसे होते रे."

हल्ली संगणकावर छायाचित्रातील सगळे रंग काढून टाकून एखादीच वस्तू रंगीत ठेवण्याची हौस पुष्कळांस असते. लग्नाच्या चित्रसंग्रहात सारा मांडव करडा आणि नवरदेवाचा फेटा तेवढा केशरी, असे चित्र आपण पाहिले असेल. हा प्रकार नव्या यंत्रयुगाचा शोध आहे असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ही कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे, आणि तिच्या पोटी इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घ्यावा असा एक प्रश्नही आहे. त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे योजिले आहे.

१८३९ साली पॅरिस येथे दागेर याची छायाचित्रणाची रीत प्रसिद्ध झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर माणसाचा हुबेहूब चेहरा उमटलेला पाहून लोक थक्क झाले. परंतु त्या चेहऱ्यास रंग नाही ही उणीवही त्यांच्या ध्यानी तत्काळ आली. पुढील काही वर्षांतच गालांवर गुलाबी पूड, दागिन्यांवर सोनेरी ठिपका असे रंगकाम सुरू झाले. कागदावर चित्रे छापली जाऊ लागल्यावर हे काम अधिक सुलभ झाले. जपानात योकोहामा येथे १८६० नंतरच्या दशकात फेलिचे बिआतो याच्या छायाचित्रांना हाताने दिलेले रंग विशेष नावाजले गेले.

आपल्याकडे मुंबईस १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या आरंभीच्या काळातील आपल्या लोकांची नावे होत. छायाचित्रामुळे हातांनी व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांचा धंदा बुडेल अशी भीती होती. पण झाले असे, की कित्येक चित्रकारांना छायाचित्रे रंगविण्याचेच नवे काम मिळाले. राजस्थानात नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी छायाचित्रावर रंगांचे असे थर चढविले, की मूळ चित्र केवळ चेहऱ्यापुरते उरावे. साध्या गिऱ्हाइकासाठी मात्र पागोटे, लुगड्याचा काठ, नथ, कुंकू एवढेच रंगवून काम भागे. तेव्हा कोठे रंग द्यावयाचा आणि कोठे नाही, हे बहुधा कलेपेक्षा खिशाने ठरविले, असे म्हणावयास हरकत नाही.

दादासाहेब फाळके हे या दोन्ही विद्यांत मुरलेले गृहस्थ. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुढे छापखाना काढला, आणि रंगीत छपाईची यंत्रे व विद्या यांसाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. असा रंगांचा जाणकार मनुष्य. पण १९१३ साली त्यांनी लोकांपुढे आणलेला 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट रंगावाचून होता. त्या काळी चित्रपटात रंग आणणे फार अवघड होते.

आता एक शास्त्रीय गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझ्या विषयाचे मर्म तेथे आहे. जुन्या काचेवरील चांदीचे क्षार मुळात फक्त निळा-जांभळा प्रकाश ओळखीत. १८७३ साली हेर्मान फोगल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले, की काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास तिला हिरवा-पिवळा प्रकाशही दिसू लागतो. लाल प्रकाश मात्र तिला तरीही दिसेना. सर्व रंगांना जागी असणारी काच १९०६च्या सुमारास विक्रीस आली. पण लहान धंदेवाले पुढे कित्येक वर्षे जुनीच काच वापरीत, कारण तीवर तांबड्या दिव्याच्या उजेडात काम करता येई. याचा परिणाम असा, की निळे आकाश कागदावर पांढरे उमटे आणि लाल कुंकू काजळासारखे काळे. जुन्या चित्रातील कपाळावरचा ठिपका कुंकवाचा की वारकऱ्याच्या बुक्क्याचा, हे केवळ त्या चित्रावरून सांगणे कठीण! म्हणून त्यावर रंगाऱ्याने दिलेला लाल ठिपका ही नुसती शोभा नव्हे. यंत्राला जे दिसले नाही ते माणसाने पाहून लिहून ठेवलेली ती नोंद आहे.

हीच अडचण रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन यालाही आली. १९२५ सालच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' या त्याच्या चित्रपटात क्रांतीचे लाल निशाण फडकते. खरे लाल निशाण काळे उमटले असते, म्हणून पांढरे निशाण लावून चित्रण केले आणि फितीवरील प्रत्येक चित्रात ते हाताने लाल रंगविले. आपल्याकडे प्रभात कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' या चित्रपटाची रंगीत छपाई जर्मनीत करवून आणली. परंतु रंग मनाजोगे उतरले नाहीत. १९६० साली मुंबईच्या मराठा मंदिरात प्रथम झळकलेला 'मुगल-ए-आझम' बहुतांशी कृष्णधवल होता, आणि शीशमहालातील गीत रंगीत पाहून प्रेक्षक दिपून गेले. २००४ साली तोच चित्रपट संगणकाने आदिअंती रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. उलट १९९३ साली स्पीलबर्ग याने 'शिंडलर्स लिस्ट' हा चित्रपट, सर्व रंग हाताशी असताना, बुद्ध्या बहुतांशी कृष्णधवल ठेवला आणि त्या कृष्णधवल चित्रणात एका लहान मुलीचा कोट लाल दाखविला. नाइलाजातून जन्मलेली रीत अशी शेवटी निवडीची रीत झाली.

आजच्या संगणकाची युक्ती काय, तेही थोडक्यात पाहू. चित्रातील प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे असतात. आपल्या डोळ्यांस हिरवा रंग अधिक उजळ भासतो, म्हणून शंभरापैकी सुमारे ५९ भाग हिरव्याचे, ३० लालचे आणि ११ निळ्याचे घेऊन त्यांचा एकच करडा आकडा करतात. मग खाली रंगीत प्रत व वर करडी प्रत असे दोन थर ठेवून, वरच्या थरास हव्या त्या जागी खिडकी पाडावयाची, की तेथून खालचा रंग दिसतो. परंतु तीन आकड्यांचा एकदा एक आकडा झाला, की त्या एकावरून मूळचे तीन काढता येत नाहीत. एखादा लाल आणि एखादा निळा यांचा करडा रंग अगदी एकच येऊ शकतो. म्हणून जुने चित्र संगणकाने संपूर्ण रंगविले म्हणजे त्यातील बहुतेक रंग हा अंदाज असतो, हे विसरता कामा नये.

याचा अनुभव आम्हांस घरीच आला. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने आजीचे ते चित्र साफ करून मोठे करावे म्हणून शहरातील एका दुकानी दिले. दुकानदाराने भल्या हेतूने आधी त्यातील सर्व रंग पुसले आणि मग संगणकाकडून नवे भरून घेतले. चित्र घरी आले ते झगझगीत. लुगडे निळे, भिंत पिवळी, आणि कपाळावरचे कुंकू काळे!

माझी आत्या आता नव्वदी ओलांडून गेली आहे. ती सहा वर्षांची असताना आजोबा वारले आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे आजीचे कुंकू गेले. पुढे आजी दीर्घकाळ जगली. पण कुंकू लावलेली आई आत्याला आठवते ती थोडी प्रत्यक्षातली आणि पुष्कळशी या चित्रातली. नवे चित्र हातात घेऊन तिने ते डोळ्यांजवळ नेले व विचारले, "लुगडं निळं होतं, हे यांना कुणी सांगितलं? आणि आईचं कुंकू कुठं गेलं?" पुतण्या गप्प राहिला. माझ्याजवळही उत्तर नव्हते. जे कोणासच ठाऊक नाही ते यंत्राने ठामपणे सांगितले होते. जे सर्वांस ठाऊक होते ते पुसले होते.

सुदैवाने मूळ चित्र शाबूत होते. पुतण्याने त्याची प्रत पुन्हा घेतली, डाग काढले, सर्व चित्र करडे ठेवले आणि दोनच खिडक्या पाडल्या, एक कुंकवापुरती व एक बांगड्यांपुरती. लुगडे करडेच राहिले. ते चित्र आता आत्याच्या खोलीत आहे.

शाळेत मी अनेक वर्षे इतिहास शिकविला. उत्तर येत नसेल तर मुले जागा कोरी न ठेवता काहीतरी लिहून पान भरीत, आणि मी त्याचे गुण कापीत असे. जुन्या चित्रांच्या बाबतीतही माझे म्हणणे तेवढेच आहे. आपल्या घरी अशी चित्रे असतील तर घरातील वडीलधाऱ्यांस त्यांतील रंग आजच विचारून घ्यावेत, आणि ते चित्रामागे तारखेसह लिहून ठेवावेत. जो रंग ठाऊक असेल तो खुशाल भरावा. जो ठाऊक नसेल, तेथे करडा रंग राहू द्यावा. त्यात चित्राचे काही उणे होत नाही.