बेंटोनियाचा कोमल गंधार

गिटारच्या तारा लावायच्या एका रीतीला चक्क एका खेड्याचं नाव आहे. खेडं बेंटोनिया. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सन या राजधानीपासून पन्नासेक किलोमीटरवर, याझू काउंटीत. लोकवस्ती तीन-चारशे. दर जूनमध्ये तिथे ब्लूजचा उत्सव भरतो आणि गावात मावणार नाहीत इतकी माणसं देशोदेशींहून येतात. उत्सव १९७२ सालचा, म्हणजे मिसिसिपीतला फार गाजलेला ग्रीनव्हिलचा डेल्टा ब्लूज उत्सव सुरू व्हायच्याही सहा वर्षं आधीचा. पण त्याचं मूळ शोधायला गेलं की आपण १९७२ला थांबत नाही. गिटारच्या खुंट्यांपर्यंत जाऊन पोचतो. तेव्हा आधी खुंट्या.

नेहमीच्या गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारकाईकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. बेंटोनियात त्यांतल्या चार तारा एकेक पूर्ण स्वर खाली उतरवतात. दोघींना हात लावत नाहीत. हाती येतं ते डी, ए, डी, एफ, ए, डी. डीला षड्ज माना आणि म्हणून बघा: सा, प, सा, ग, प, सा, आणि यातला गंधार कोमल. डावा हात न लावता नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी उदास, भरलेला झंकार उठतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे लगेच उमगतं, कारण षड्ज-पंचमाचं अंगण तेच आहे. फक्त त्यात एक कोमल गंधार कायमचा राहायला आलेला आहे.

खरी गंमत त्या गंधाराच्या तारेवर. बारीक बाजूनं मोजलं तर ती तिसरी. तिचा पहिला पडदा दाबला की कोमलाचा शुद्ध होतो. बेंटोनियाचे वादक ती तार मोकळी छेडतात आणि ती वाजत असतानाच पहिल्या पडद्यावर बोट आपटतात. कानाला कोमल ऐकू येतो न येतो तोच शुद्ध. गळ्यातून ब्लूज गाणारा माणूस या दोन गंधारांच्या मधल्या जागेत कुठेतरी उभा असतो. गिटारच्या पडद्यांना ती जागा नाही. ती नाही, तर निदान दोन्ही काठ एका दमात दाखवायचे, अशी ही युक्ती. या जुळणीतून सर्वांत जास्त कीर्ती मिळवलेला स्किप जेम्स तिला 'क्रॉस-नोट' म्हणायचा.

आणखी एक परिणाम होतो. बहुतेक ब्लूजमध्ये बारा बारचं ठरलेलं आवर्तन असतं, ठरावीक जागी कॉर्ड बदलते. इथे मोकळ्या तारांचा झंकार इतका पुरेसा असतो की कॉर्ड बदलायची निकड भासत नाही. गाणारा एकाच सुराशी घुटमळत राहतो, ओळ वाटेल तितकी लांबवतो. साथीदार असेल तर त्याची पंचाईत. एकटा माणूस आणि त्याची गिटार, असंच हे वादन मुळात घडलेलं आहे.

आता ही रीत आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सीअर्स-रोबकसारख्या कंपन्यांचे कॅटलॉग खेड्यापाड्यांत पोचले आणि स्वस्त गिटारी टपालानं, रेल्वेनं थेट कापूसवेचणाऱ्यांच्या घरी यायला लागल्या. मोकळ्या तारांवर कॉर्ड वाजेल अशा जुळण्या त्याआधीपासून दिवाणखान्यांत चालत होत्या. हेन्री वॉरल नावाच्या गिटारशिक्षकानं सेव्हास्तोपोलच्या वेढ्यावर एक तुकडा बांधला होता. क्रिमियन युद्धाचा तो वेढा मिसिसिपीत कोणाला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण तुकडा ज्या जुळणीत वाजतो तिला काळे वादक 'व्हॅस्टापोल' म्हणू लागले. डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. म्हणजे शुद्ध गंधाराची. ती एक तार अर्धा स्वर उतरवली की बेंटोनिया तयार.

इतकं सोपं असेल तर ते कुणालाही, कुठेही सुचू शकतं, आणि तसं झालंही आहे. टेक्ससचा अल्बर्ट कॉलिन्स विजेच्या गिटारवर मायनर जुळणीच वापरायचा, आणि त्याचा बेंटोनियाशी काही संबंध नव्हता. पण गावाची स्वतःची कथा वेगळी आहे, आणि ती हेन्री स्टकीची आहे. स्टकीचा जन्म १८९७च्या सुमाराचा. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्यातून फ्रान्सला गेला. तिथे त्याला काही काळे सैनिक अशा जुळणीत वाजवताना भेटले. ते बहामा बेटांवरचे असावेत असा त्याचा समज होता. त्यानं ती उचलली, युद्ध संपल्यावर घरी आणली आणि जेम्सला दाखवली. साठच्या दशकात ब्लूजचे संशोधक स्टकीपर्यंत पोचले तेव्हा त्यानं सांगितलेली ही हकिकत.

ही दंतकथा म्हणून झटकून टाकावी असं मला वाटत नाही. ब्रिटिशांनी १९१५ साली वेस्ट इंडीज रेजिमेंट उभी केली होती, तिच्यात बहामाचे जवान होते आणि फ्रान्समध्ये तिच्या तुकड्यांकडून मुख्यतः दारूगोळा वाहायचं काम करून घेतलं गेलं. काळ्या अमेरिकी सैनिकांच्याही वाट्याला बहुतांशी हमालीच आली. दोन देशांचे हमाल एका छावणीच्या आसपास आले आणि एकानं दुसऱ्याला तारा कशा लावतो ते दाखवलं, यात अशक्य काहीच नाही. पुरावा मात्र एका माणसाच्या आठवणीचा, तोही जवळजवळ अर्ध्या शतकानंतरचा. स्टकी १९६६ साली गेला. त्याच्या वादनाचं एकही ध्वनिमुद्रण आपल्यापाशी नाही, म्हणजे ज्याच्यापासून वंशावळ सुरू होते त्या मूळपुरुषाचा हात आपण ऐकलेलाच नाही.

स्किप जेम्सची गोष्ट ब्लूजच्या पुस्तकांत पुष्कळदा येते, म्हणून थोडक्यात. जन्म १९०२, आई मळ्यावर स्वयंपाकीण. १९३१च्या फेब्रुवारीत पॅरामाउंट कंपनीनं त्याला उत्तरेला विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला नेऊन ध्वनिमुद्रण केलं. त्यातल्या अठरा बाजू आज ऐकायला मिळतात. काही पियानोवर, बाकी गिटारवर. मंदी ऐन भरात होती, रेकॉर्डी खपल्या नाहीत, जेम्स ब्लूज सोडून धर्मोपदेशाकडे वळला. १९६४ साली गिटारवादक जॉन फेही आणि त्याचे दोन मित्र त्याला शोधत निघाले आणि ट्युनिकाच्या एका रुग्णालयात तो सापडला. त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवाच्या मंचावर तो बसला होता. १९६६ साली इंग्लंडच्या क्रीम या बँडनं त्याचं एक गाणं घेतलं आणि १९६९ साली फिलाडेल्फियात कर्करोगानं तो वारला. उंच, खोट्या सुरातला तो आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. पण त्यानं गाव केव्हाच सोडलं होतं, आणि स्वतःच्या हाताबद्दल भलताच अभिमानी असलेला हा माणूस गावात शिष्य ठेवून गेला नाही.

गावात राहिला तो जॅक ओवेन्स. वयानं जेम्सच्या बरोबरीचा. शेती करायचा, मक्याची हातभट्टी लावायचा आणि शनिवार-रविवारी घरीच नाचगाण्याचा अड्डा चालवायचा. १९६६ साली डेव्हिड इव्हान्स हा तरुण लोकसंगीत-अभ्यासक जेम्सच्या शैलीची मुळं हुडकत बेंटोनियाला आला, तेव्हा त्याच्या हाती ओवेन्स लागला. तोवर ओवेन्सची एकही रेकॉर्ड निघालेली नव्हती. इव्हान्सच्या मुद्रणांचा अल्बम १९७१ साली आला. १९७८ साली लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्सनं त्याला त्याच्या घराच्या ओसरीवर चित्रित केलं. शेजारी बड स्पायर्स हा अंध सोबती माउथ ऑर्गन घेऊन बसलेला. ती फिल्म मिळाली तर ओवेन्सच्या पायाकडे बघा. बुटाची टाच लाकडी फळ्यांवर इतक्या जोरात आपटते की वेगळ्या ढोलाची गरज उरत नाही. जेम्स रेकॉर्डवर नाजूक, जवळजवळ एकांतात वाजवल्यासारखा वाटतो. ओवेन्स तीच जुळणी घेऊन माणसं नाचवतो. मूळ रंग कुठला, असं कोणी विचारलं तर मी ओवेन्सकडे बोट दाखवीन. हे संगीत घरात गर्दी असताना वाजवायचं होतं.

त्या गर्दीचं दुसरं ठिकाण ब्लू फ्रंट कॅफे. केरी आणि मेरी होम्स या काळ्या दांपत्यानं तो १९४८ साली उघडला. रुळांलगतची ठोकळ्यांची बैठी इमारत, दर्शनी भागाला निळा रंग. गरम जेवण, नदीतला बफेलो मासा, केस कापायची सोय आणि मक्याची दारू, सगळं एका छपराखाली. दारू अर्थातच चोरून, कारण मिसिसिपीनं दारूबंदी उठवली ती १९६६ साली, सगळ्या राज्यांच्या शेवटी. वर्णभेदाच्या त्या काळात रात्री दहानंतर गावात संचारबंदी असे. कापसाचा हंगाम आला की मात्र समोरचा जिन रात्रंदिवस चाले आणि पाळीवरच्या कामगारांना जेवण लागे, म्हणून कॅफे चोवीस तास उघडा राहिला तरी चाले. जिनिंगच्या पाळ्या वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नकोत. तसं वऱ्हाडाचं आणि या मुलखाचं जुनं नातंही आहे: अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस अडकला तेव्हाच तर विलायतेतल्या गिरण्यांची नजर आपल्या कापसाकडे वळली आणि मुंबईत पैशाचा पूर आला.

होम्स दांपत्याचा मुलगा जिमी, गावात 'डक' म्हणून ओळखला जाणारा, १९४७ सालचा. हेन्री स्टकी काही काळ याच कुटुंबाच्या शेतावर राहायला होता आणि पोरांना वाजवून दाखवायचा, त्यामुळे जिमीनं मूळपुरुषाचा हात लहानपणी प्रत्यक्ष पाहिला. १९७० साली कॅफे त्याच्याकडे आला. पुढे ओवेन्स तिथे वरचेवर येऊन बसू लागला. ओवेन्सला लिहिता-वाचता येत नव्हतं. कुठल्या तारेचं नाव काय, कुठली कॉर्ड, हे त्याला सांगता येत नसे. तो वाजवायचा आणि जिमीनं बघायचं. चुकलं की पुन्हा वाजवायचा. लिहून घ्यायची सोय नाही, नोटेशन नाही, तालीम म्हणजे समोर बसणं. आपल्या खाँसाहेबांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यात नवं काही वाटायचं नाही. फरक असा की इथे गंडा नव्हता, गुरुदक्षिणा नव्हती, आणि ज्ञान लपवून ठेवायची हौसही ओवेन्सला नव्हती.

१९७२ साली जिमी होम्सनं उत्सव सुरू केला तो याच वळणाचा. जागा घरच्या शेताची, माणसं गावातली आणि आसपासची, खाणंपिणं आणि गाणंबजावणं. कॅफेतल्या शनिवारच्या रात्रीला एका दिवसासाठी मोठं अंगण मिळालं, एवढंच. आज त्याचं स्वरूप वाढलंय. आठवडाभर आधीपासून ब्लू फ्रंटमध्ये वादक जमू लागतात आणि शनिवारी मुख्य कार्यक्रम होतो. मंचावर विजेच्या गिटारी असतात, ड्रम असतात, बारा बारचा सरधोपट ब्लूजही असतो. त्या ढणढणाटात मोकळ्या तारांचा कोमल गंधार पुष्कळदा हरवतो. ती जुळणी ऐकायची असेल तर मुख्य दिवसापेक्षा आधीचे दिवस बरे. छोट्या खोलीत एक माणूस खुर्चीवर बसून वाजवतोय आणि बाकीचे दारापर्यंत दाटलेत, हीच तिची बैठक.

ओवेन्सला १९९३ साली राष्ट्रीय वारसा शिष्यवृत्तीचा मान मिळाला, १९९७ साली तो गेला. होम्सचा पहिला अल्बम २००६ सालचा, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावरचा. २०१९ साली ब्लॅक कीज या रॉक बँडच्या डॅन ऑअरबॅकनं नॅशव्हिलमध्ये त्याचा 'सायप्रस ग्रोव्ह' काढला आणि त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. त्या अल्बममध्ये जेम्सची गाणीही आहेत, त्यामुळे नव्या श्रोत्यांचा साहजिक समज असा होतो की होम्सनं ती जेम्सकडून घेतली. प्रत्यक्षात जेम्सची ती गाणी होम्सपर्यंत गावातल्या गावात, स्टकी आणि ओवेन्स यांच्या हातांतून आलेली आहेत. स्टकीपासून तीन पिढ्या होतात. आपल्याकडे घराणं म्हणवून घ्यायला जाणकार तीन पिढ्या मागतात. त्या हिशेबानं बेंटोनियानं पट्टी गाठली म्हणायची.

चौथ्या पिढीचं काय, हा प्रश्न उत्सवात ऐकू येतो. होम्स कॅफेत आलेल्या कुणालाही समोर बसवून शिकवत आला आहे, आणि शिकणाऱ्यांत परगावचे, परदेशचे, गोरे गिटारवादक पुष्कळ. ते अल्बम काढतात, त्यावर बेंटोनियाचं नाव लावतात. गावातल्या काळ्या पोरांना आजोबांच्या काळातलं हे संगीत ओढत नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या वयात स्टकीनंही परदेशी सैनिकांकडून नवं तेच उचललं होतं. फ्रान्समधली त्याची हकिकत खरी धरली तर बाहेरच्यांनी गावाकडून शिकण्याआधी गावानं बाहेरच्यांकडून घेतलेलं आहे. आता जुळणी उलट्या दिशेनं निघाली आहे. होम्सपुढे बसणाऱ्यांपैकी कोणी फोनवर चित्रण करून घेतो, कोणी वहीत पडद्यांचे आकडे टिपतो, आणि तो ओवेन्ससारखाच तीच ओळ पुन्हा एकदा वाजवतो.