माती आणि गादी

गोल्फ खेळणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. सरावाच्या मैदानावर, सपाट चटईवरून फटके मारून जे अंतर हाती लागते, ते प्रत्यक्ष खेळात जुळत नाही. तिथे जमीन उतरती असते, गवत ओले असते आणि फसलेला फटका पुसून टाकता येत नाही. आमच्या वारणा खोऱ्याला गोल्फचे फारसे कौतुक नाही. परंतु ही तक्रार आम्हांस ओळखीची वाटते, कारण कोल्हापूरची कुस्ती गेली शंभर वर्षे हेच कोडे उलट्या बाजूने सोडवते आहे. गोल्फचा खेळाडू चटईवर सराव करतो आणि मातीवर खेळतो. आमचा पैलवान मातीत घडतो आणि गादीवर मोजला जातो.

तालमीतला हौदा म्हणजे नुसती माती नव्हे. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवून ती मऊ केली जाते. त्या मातीत पाय रुततो, घाम शोषला जातो, आणि उचलून आपटलेला गडी सहसा मोडत नाही. गादीवर पायाला उसळी मिळते, पटात शिरण्याचा वेग वाढतो. आज गादीवरची लढत नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. प्रतिस्पर्ध्याची पाठ क्षणभर गादीकडे वळवली तरी गुण मिळतात. मैदानी कुस्तीत त्या क्षणाला किंमत नाही. दोन्ही खांदे टेकेपर्यंत काहीच घडलेले नसते. म्हणून जुना मल्ल खडाखडीत वेळ घालवी, समोरच्याला दमवी, मग डाव टाकी. तोच धीर गादीवर निष्क्रियता ठरतो. आमच्या मते खरा फरक पृष्ठभागाचा कमी आणि काळाच्या हिशेबाचा अधिक आहे.

हे अंतर कोल्हापूरला लवकर कळायला हवे होते. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान १९१२ साली बांधून पूर्ण केले. त्यानंतर आठच वर्षांनी, १९२० साली, भारताचे मल्ल अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरले. पण खासबागेची हलगी इतकी मोठ्याने वाजत होती की परदेशातल्या त्या लढतींचा आवाज इकडे पोचलाच नसावा.

खाशाबा जाधवांची कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यातला आमच्या विषयापुरता भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा राजाराम महाविद्यालयात शिकत होता. १९४८ साली लंडनला तो गादीवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. मातीच्या पैलवानाची ही कामगिरी लहान नव्हे. पण खाशाबांनी तिचा अर्थ अचूक लावला. पुढील चार वर्षांत त्यांनी ताकदीपेक्षा चपळाईवर आणि नियमांच्या जाणिवेवर भर दिला. ढाक हा त्यांचा हुकमी डाव मातीतलाच होता; तो टाकण्याची वेळ तेवढी बदलली. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले, आणि २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत बँटमवेट गटाचे कांस्यपदक आले. जपानच्या इशीईशी प्रदीर्घ झुंज झाल्यावर त्यांना पुरेशी विश्रांती न देता पुढच्या लढतीस उभे केले गेले. नियम दाखवून भांडणारा आपला अधिकारी तिथे नव्हता. नियमपुस्तक हेही लढतीच्या जागेचा भाग असते, हे त्या दिवशी महागात कळले. कुस्तीतले भारताचे पुढचे ऑलिंपिक पदक २००८ साली, सुशीलकुमार यांच्या रूपाने आले. मध्ये छप्पन्न वर्षे गेली.

तर मग माती सोडावी काय? असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि महाराष्ट्र केसरीचे आकडे त्यांच्या बाजूने दिसतात. त्या स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग वेगळे लढतात व दोन विजेते अंतिम फेरीत भेटतात. २०२२ साली साताऱ्यात आमच्याच पन्हाळा तालुक्यातील पृथ्वीराज पाटील यांनी गादी विभागातून येऊन विशाल बनकर यांना ५-४ असे हरवले. २०२३ साली पुण्यात शिवराज राक्षे यांनी, तेही गादीकडूनच येऊन, महेंद्र गायकवाड यांना चितपट केले. परंतु त्याच २०२३ च्या स्पर्धेत माती विभागातील गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून केवढे वादळ उठले! मातीच्या लढतीतही गुण मोजले जातात, म्हणजे नावापुरती माती आणि हिशेब गादीचा. अशा स्पर्धेवरून मातीची योग्यता ठरवणे आम्हांस रास्त वाटत नाही.

वारणानगरला साखर कारखाना उभा करणारे तात्यासाहेब कोरे यांच्या स्मरणार्थ डिसेंबरात जे मैदान भरते, तिथे प्रश्न निराळाच होतो. उसाच्या पट्ट्यातली हजारो माणसे भोवती बसतात, उत्तरेतले नामांकित मल्लही येतात, आणि निकाल लागतो तो खांदे टेकल्यावर. तिथली माती कुणाचा सराव नाही. ती स्वतःच लढत आहे. अनेक तरुण पैलवानांच्या दूध-बदामाचा खर्च अशाच मैदानांच्या इनामांतून निघतो. त्या मुलाला वस्तादाने गादीवर पाठवले, तर ऑलिंपिकची वाट उघडते, पण यंदाच्या बाऱ्या जातात. मातीत ठेवले, तर खुराक चालतो आणि ती वाट अरुंद होते. सकाळी हौदा, संध्याकाळी गादी अशी तडजोड आता बऱ्याच तालमींनी स्वीकारली आहे. तिच्यात दोन वेळचा व्यायाम नव्हे, दोन निराळे खेळ शिकवायचे असतात, आणि दोन्ही येणारे वस्ताद थोडे आहेत.