अगरवेशीवरचा लेख आणि मागची खोली

अकोल्याच्या जुने शहरात, मोर्णेच्या काठी असदगड आहे. दहीहंडा वेशीवरच्या लेखात औरंगजेबाच्या राजवटीतील हिजरी 1114 हे वर्ष येते. अगरवेशीवरचा मराठी लेख मात्र किल्ला 1843 मध्ये गोविंद आप्पाजींनी बांधला असे सांगतो. दोन्ही लेख दगडात कोरलेले, पण दोन्ही शब्दशः खरे असू शकत नाहीत. 1843 साली वऱ्हाड निजामाच्या अमलात होता आणि किल्ला जुना झाला होता. तेव्हा डागडुजी किंवा काही भागाची नवी बांधणी झाली असावी, असे माझे अनुमान आहे. पण काय केले, किती केले, हे लिहिणाऱ्याने सांगितले नाही. सैल वापरलेल्या एका क्रियापदाने इतिहासात गोंधळ घातला.

मोडी वाचता येते म्हणून लोक माझ्याकडे घरचे कागद घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी जुने शहरातलेच दोन चुलतभाऊ 1951 सालचा वाटणीचा कागद घेऊन आले. अक्षर सुरेख, मायना भरघोस. मुद्द्याची ओळ एवढीच, की मागची खोली धाकट्याकडे राहील. घराला दोन दारे, एक गल्लीकडे आणि एक नदीकडे. थोरल्याच्या मुलाने विचारले, “भाऊ, मागची म्हंजे कोणती, ते तं सांगा.” मला सांगता आले नाही. लिहिणाऱ्याला आणि सही करणाऱ्यांना ते ठाऊक होते, म्हणून कोणी लिहिले नाही. ते सगळे आता हयात नाहीत.

व्यवहारी लेखनातले बहुतेक दोष या एकाच मुळातून फुटतात. जो समोर बसला आहे त्याच्यासाठी आपण लिहितो, आणि कागद वाचतो तो तिथे नसलेला माणूस. आपल्या जुन्या कारकुनांना आणि सावकारांना हे पक्के माहीत होते. त्यांच्या रिवाजांकडे या दृष्टीने पाहिले, तर प्रत्येक रिवाज हा एखाद्या दोषावरचा उपाय दिसतो.

जागेचा दोष घ्या. जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहीत, म्हणजे पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणती वाट. ‘मागे’ आणि ‘पुढे’ हे शब्द उभे राहणाऱ्याबरोबर फिरतात, दिशा फिरत नाहीत. 1951 च्या त्या कागदात ही एक ओळ असती, तर दोन भाऊ माझ्या ओसरीवर आले नसते.

रकमेचा दोष त्याहून धोक्याचा. आकड्यापुढे एक शून्य वाढवायला किती वेळ लागतो? म्हणून हुंडीत रक्कम आकड्यात आणि अक्षरात तर लिहीतच, शिवाय तिची निमपटही लिहीत: रुपये पाचशे, निमे अडीचशे, त्याची दुप्पट. एक जागा खोडली तर दुसरी बोलते. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ देण्याची सोय होती. आज चेकवर आपण ‘अक्षरी रुपये’ लिहितो, तेही त्याच सावधपणाने.

तारखेत नुसते ‘सन’ लिहून भागत नाही. वऱ्हाडच्या दप्तरांत हिजरी, फसली, शक, संवत आणि इसवी अशी सगळी वर्षे भेटतात. इसवी काढायला शकात साधारण 78, फसलीत 590 मिळवावे लागतात, विक्रम संवतातून 57 वजा करावे लागतात. खुद्द दहीहंडा वेशीच्या छापील वर्णनांत हिजरी 1114 पुढे इसवी 1697 छापलेले आढळते. हिजरी 1114 सुरू होते 1702 च्या मे महिन्यात. एकाने घातलेला आकडा पुढच्याने न तपासता उचलला, की चूक पिढ्यान्‌पिढ्या चालते. वजनमापांचेही तेच. मुंबईच्या कापूसबाजारातली खंडी 784 पौंडांची, पण म्हणून सगळीकडची खंडी तेवढी नव्हे.

शब्दांचाही एक दोष आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश केला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. हेतू मोठा होता. तरी पेशवाईच्या दप्तरातही जमा, खर्च, बाकी हे शब्द टिकलेच, कारण हिशेब लिहिणारा आणि तपासणारा दोघांनाही ते उमगत. वाचणाऱ्याला कळेल तोच शब्द कागदावर चालतो.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनाला दिला आहे. फार बारीक अक्षर तरुणपणी जमते, म्हातारपणी वाचवत नाही, म्हणून मध्यम काढावे, असे ते सांगतात. लेखनात नंतरच्या वाचकाची एवढी काळजी!

मराठी राजपत्रांच्या शेवटी ‘लेखनसीमा’ अशी मुद्रा उमटवीत, म्हणजे मजकूर इथे संपला, खाली कोणी काही जोडू नये. तशी मुद्रा आज आपल्याकडे नाही. पण करारनामा, पावती किंवा साधा अर्ज लिहून झाला, की तो अनोळखी माणसाला वाचायला द्यावा आणि गप्प बसावे. त्याने काही विचारले, तर उत्तर तोंडी देऊ नये, कागदावर लिहावे.

त्या दोन भावांचा वाद पुढे कोर्टात गेला. खोली अजून कुलूपबंद आहे.