नांदगावचा कुमार गणिती

पिढ्यान्‌पिढ्यांमागे देश सोडून इंदूर, ग्वाल्हेर, काशी येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी जे थोडके सामान बरोबर नेले त्यात पंचांग होते, आणि ते पंचांग बहुधा ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथावरून रचलेले असे. या ग्रंथाचा कर्ता गणेश दैवज्ञ. ग्रंथरचनेच्या वेळी तो अवघा तेरा वर्षांचा होता, असे परंपरा सांगते.

गणेशाचे नांदगाव म्हणजे समुद्रकाठचे, जंजिऱ्याच्या मुरूडजवळचे. (ज्यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’च्या १८९६ सालच्या इतिहासावाचून या विषयात पाऊल टाकता येत नाही, त्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे मुरूड दापोलीकडचे; दोहोंची गल्लत करू नये.) पिता केशव हाही मोठा ज्योतिषी. त्याचा ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ शके १४१८ चा, म्हणजे इ. स. १४९६ चा. पोथीत एक आणि आकाशात दुसरेच दिसते, हे त्याने स्वतः वेध घेऊन ताडले होते. केशवाने वर्तविलेले ग्रहण चुकले, उपहास झाला, तेव्हा त्याने गणपतीची आराधना केली आणि देवच पुत्ररूपाने अवतरला, अशी दंतकथा आहे. मला तिच्यातील देवापेक्षा चुकलेले ग्रहण अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या घरात बाप गणित आणि आकाश यांचा मेळ घालू पाहतो, त्या घरातील मुलाच्या कानी बाराखडीबरोबर हाच प्रश्न पडत असला पाहिजे.

आता वयाविषयी. गणेशाचा जन्म शके १४२९ चा मानतात आणि ‘ग्रहलाघवा’तील आरंभवर्ष शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हे आहे. परंतु करणग्रंथाचे आरंभवर्ष हेच रचनेचे वर्ष असते असे नव्हे. सोयीसाठी थोडे मागचे वर्षही धरता येते. तेव्हा ‘तेरा’ या आकड्यावर पैज मारण्यास मी तयार नाही. मात्र ‘तिथिचिंतामणी’ ही त्याची सारणी शके १४४७ ची, म्हणजे अठराव्या वर्षाची आहे. ग्रंथ तेराव्या वर्षी सिद्ध झाला असो की त्यानंतर थोड्या वर्षांनी, कर्ता कोवळ्या वयाचाच होता, हे मानावयास हरकत नाही.

आणि त्याने केले काय? पूर्वीच्या पद्धतीने कलियुगारंभापासूनचे दिवस मोजू लागले, तर शके १४४२ मध्येच ती संख्या सोळा लाखांवर जाते. गणेशाने अकरा वर्षांचे एक ‘चक्र’ कल्पिले. शकातून १४४२ वजा करून अकराने भागावे. भागाकार ती चक्रे, आणि दिवस मोजावयाचे ते केवळ बाकी उरलेल्या वर्षांचे. शके १९४७ घेतले तर चक्रे ४५ आणि बाकी १०. एका चक्राचे दिवस ४०१६. प्रत्येक चक्रामागे ग्रहात पडणारा फरक ‘ध्रुव’ म्हणून आधीच देऊन ठेवलेला.

याहून धाडसाची गोष्ट म्हणजे ज्या आणि चाप यांना त्याने ग्रंथातून अजिबात हद्दपार केले. सूर्याचे मंदफल काढावयाचे, तर भुजांशांना नवाने भागावे. आलेला अंक विसातून वजा करून बाकीला त्याच अंकाने गुणावे. गुणाकाराचा नववा भाग ५७ मधून वजा करावा आणि त्या बाकीने गुणाकारास भागावे. भुज ९० अंश असता अनुक्रमे १०, १०, १०० आणि ४५ पूर्णांक आठ-नवमांश. फल सुमारे २ अंश ११ कला. ३० अंशांस हाच विधी केला तर जवळजवळ नेमके अर्धे फल येते. ज्यासारणीही तेच सांगते. अशा घडणीचे मूळ सातव्या शतकातील ‘महाभास्करीया’त आहे, हे सांगितलेच पाहिजे. गणेशाचे म्हणावयाचे ते हे की, संबंध ग्रहगणित त्याने याच वाटेने नेले.

ग्रह निवडतानाही त्याने कोणा एका सिद्धांताची भीड ठेवली नाही. सूर्य सौरपक्षाचा, चंद्र त्याच पक्षाचा, पण नऊ कला कमी करून, मंगळ, गुरू, राहू आर्यपक्षाचे, शनी आर्यपक्षाचा, त्यात पाच अंश मिळवून, शुक्राचे केंद्र ब्राह्म आणि आर्य या दोहोंच्या मध्यावरचे. कारण एकच: असे केले असता ते दृष्टीशी जुळतात. ऋषिप्रणीत ग्रंथांना असा हात लावणे त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

ग्रंथाच्या शेवटी तो म्हणतो ते वाचून हसू येते आणि कौतुकही वाटते. थोरांनी कोठे कोठे ज्या-चापाविना काही केले आणि तेवढ्यावर ते गर्वाच्या शिखरावर चढले. मी तर सर्वच तसे केले, मग मला गर्व का नसावा? परंतु त्यांचेच ग्रंथ पाहून ज्ञान झाले, म्हणून तो टाकला, अशा आशयाचे ते बोलणे आहे.

सूत्रे दिली, पण ती का खरी ठरतात हे करणग्रंथात सांगावयाचे नसते. ते काम पुढच्या पिढीकडे गेले. गोदाकाठच्या गोलग्रामचा दिवाकर हा गणेशाचा शिष्य. त्याच्या मल्लारी नावाच्या पुत्राने ‘ग्रहलाघवा’च्या नियमांची उपपत्ती लिहिली, आणि विश्वनाथ या दुसऱ्या पुत्राने शके १५३४ च्या सुमारास उदाहरणे सोडवून दाखविली. हे घराणे पुढे काशीस जाऊन राहिले.