उतरत्या उन्हाळ्यातल्या सायकल सहली : पीक डिस्ट्रिक्टच्या जुन्या रेल्वेवाटा

मंडळी, ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरअखेर हे सहा आठवडे इंग्लंडमध्ये सायकलीसाठी फार चांगले. ऊन सौम्य झालेले असते, झुडपांवर ब्लॅकबेरी पिकलेल्या असतात, उंच माळांवर हेदरचा जांभळा गालिचा पसरलेला असतो. शाळा सुरू झाल्या की आठवड्याच्या मधल्या दिवसांत वाटाही मोकळ्या मिळतात. याच सुमारास अनेक घरांत भारतातून आलेले आई-वडील किंवा सासू-सासरे मुक्कामाला असतात. सून-मुलगा कामावर, नातवंडे शाळेत आणि आजी-आजोबा खिडकीशी, हे चित्र आपल्याला नवीन नाही. चालण्याच्या लांब सहली त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत आणि गाडीतून डोंगर नुसते काचेतून दिसतात.

इलेक्ट्रिक सायकलीचा खरा उपयोग इथे आहे. तिची मोटर वेगासाठी नसून घरातल्या कमी-जास्त ताकदीच्या माणसांना एका ओळीत ठेवण्यासाठी आहे. पासष्टीचे आजोबा आणि सतरा वर्षांचा नातू एकाच वेळी चहाच्या टपरीपाशी पोचतात. मात्र कायदा आणि बॅटरी या दोन बाबतींत गाफील राहून चालत नाही, म्हणून आधी तेच पाहू.

कायदा काय सांगतो

ब्रिटनमध्ये पुढील अटींत बसणारी इलेक्ट्रिक सायकल ही कायद्याने साधी सायकलच धरली जाते. तिला लायसन्स, रोड टॅक्स, नोंदणी किंवा सक्तीचा विमा लागत नाही.

- सायकलला चालतील असे पेडल हवेत.
- मोटरची अखंड शक्ती २५० वॉटपेक्षा जास्त नको.
- ताशी १५.५ मैल वेग झाला की मोटरची मदत बंद झाली पाहिजे. त्यापुढचा वेग आपल्या पायांचा.
- चालवणाऱ्याचे वय किमान १४ वर्षे हवे.

भारतातून आलेले पाहुणेही अशी सायकल चालवू शकतात. चौदाच्या आतील मुलांनी साधी सायकल चालवावी. लहानग्यांना मागच्या खुर्चीत बसवता येते.

इंटरनेटवर ५०० किंवा १००० वॉटच्या, पेडल न मारता पळणाऱ्या सायकली स्वस्तात दिसतात. रस्त्यावर आल्या की त्या कायद्याने मोपेड किंवा मोटरसायकल ठरतात. नोंदणी, विमा आणि लायसन्स नसेल तर पोलीस त्या जप्त करू शकतात. अपघात झाल्यास प्रकरण आणखी अवघड होते. घेताना फ्रेमवरची पट्टी वाचावी. शक्ती किंवा उत्पादकाचे नाव, तसेच व्होल्टेज किंवा कमाल वेग तिच्यावर लिहिलेला असायला हवा.

बॅटरीची काळजी

लिथियम बॅटरीला आग लागली तर ती मिनिटांत भडकते आणि विषारी धूर सोडते. घरी बसवलेले कन्व्हर्शन किट, दुसऱ्याच बॅटरीचा चार्जर आणि खाली पडून दबलेली बॅटरी ही धोक्याची मुख्य कारणे. चार्जर त्याच सायकलीचा वापरावा. रात्री सगळे झोपलेले असताना चार्ज करू नये आणि पूर्ण भरली की प्लग काढावा. दारापाशी किंवा जिन्याखाली सायकल चार्जिंगला लावू नये, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. आपल्या टेरेस्ड घरांत जागा तिथेच असते खरी, पण हा नियम मोडू नये.

लंडनच्या वाचकांसाठी : ३१ मार्च २०२५ पासून न घडी होणाऱ्या इलेक्ट्रिक सायकली ट्यूबमध्ये आणि टीएफएलच्या बहुतेक गाड्यांत नेता येत नाहीत. तसेच ही सायकल विमानाने पुण्याला न्यायचा विचार असेल तर तो सोडावा. प्रवासी विमानात सुट्या बॅटरीची मर्यादा साधारण १०० वॉट-तास आहे आणि सायकलीची बॅटरी ४०० ते ५०० वॉट-तासांची असते.

वाटा कुठे आहेत

पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचे. मँचेस्टर, शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅम, लेस्टर इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखे. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथे चालण्या-सायकलीच्या वाटा केल्या आहेत. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे या वाटा बहुतांशी सपाट आहेत आणि मोटारींची भीती जवळजवळ नाही.

१. मॉन्सल ट्रेल (८.५ मैल). बेकवेलपासून ब्लॅकवेल मिलपर्यंत. मिडलँड रेल्वेचा हा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि १९६८ मध्ये बंद पडला. मॉन्सल डेलवरच्या पुलामुळे दरीची शोभा गेली म्हणून लेखक जॉन रस्किन यांनी त्या काळी कडाडून टीका केली होती. आज लोक तोच पूल पाहायला येतात. अनेक वर्षे बंद असलेले बोगदे २०११ मध्ये खुले झाले. मोठे बोगदे प्रत्येकी साधारण ४०० मीटर लांबीचे आहेत आणि आत भर उन्हाळ्यातही गारवा असतो. आतले दिवे अंधार पडताना बंद होतात, म्हणून सायकलीला दिवा हवाच. बेकवेलहून जाताना हलका चढ आणि परतताना उतार, त्यामुळे पहिल्या सहलीला ही वाट उत्तम.

२. टिसिंग्टन ट्रेल (१३ मैल). अ‍ॅशबोर्न ते पार्सली हे. १८९९ चा रेल्वेमार्ग, १९७१ पासून सायकलवाट. कुरणे, मेंढ्या, दगडी कुंपणे आणि मोठे आकाश. अ‍ॅशबोर्नकडून निघाल्यास बोगद्यापलीकडे, जुना पूल नाहीसा झाला आहे तिथे, एक खोल उतार-चढ आहे. नवख्यांनी तो पायी ओलांडावा. पुढे मैलोन् मैल वाट हळूहळू चढत जाते. डोळ्यांना चढ दिसत नाही, बॅटरीला मात्र कळतो. पार्सली हेहून निघणाऱ्यांची नेमकी इथे फसगत होते : जाताना सगळे सोपे वाटते आणि परतीच्या चढाला बॅटरी संपत आलेली असते.

३. हाय पीक ट्रेल (१७ मैल). १८३१ मध्ये पूर्ण झालेल्या क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वेची ही वाट पार्सली हे इथे टिसिंग्टनला मिळते. इथे तीव्र उतार आहेत, कारण त्या काळी डबे वाफेच्या स्थिर इंजिनांनी ओढून डोंगरावर चढवत. क्रॉमफर्डच्या बाजूच्या या उतारांवर सायकल हाताने धरून न्यावी. वीस-पंचवीस किलोची सायकल खडीवर आवरत नाही. ज्येष्ठांबरोबर असाल तर मिडलटन टॉप ते पार्सली हे एवढाच भाग घ्यावा. पायथ्याशी क्रॉमफर्डला रिचर्ड आर्कराइट यांची १७७१ ची पाण्यावर चालणारी सूतगिरणी आहे. पुढे ज्या गिरण्यांनी आपले गिरणगाव घडवले, त्यांची ही पूर्वज.

४. मॅनिफोल्ड वे (सुमारे ८ मैल). हल्म एंड ते वॉटरहाउसेस. डांबरी, अरुंद, नदीकाठची वाट. आपल्या मंडळींनी ही चुकवू नये, कारण तिचे नाते थेट सोलापूर जिल्ह्याशी आहे. इथली अडीच फुटी छोटी रेल्वे १९०४ ते १९३४ या काळात चालली. तिचे इंजिनियर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी त्याआधी १८९७ मध्ये आपली बार्शी लाइट रेल्वे उभी केली. रुळांची रुंदी तीच, इंजिनांची धाटणीही बार्शीच्या इंजिनांवरून घेतलेली. ज्या गाडीने पुढे वारकऱ्यांच्या पिढ्या पंढरपूरला नेल्या, तिची धाकटी बहीण इथे स्टॅफर्डशायरच्या शेतकऱ्यांचे दूध वाहत होती. बार्शी लाइटने प्रवास केलेले कोणी आजोबा बरोबर असतील तर त्यांना आवर्जून न्या.

कोरड्या उन्हाळ्याच्या शेवटी इथे आणखी एक गंमत दिसते. वेटन मिलच्या खाली मॅनिफोल्ड नदी चुनखडीच्या भेगांत लुप्त होते आणि थेट इलमजवळ वर येते. मधले पात्र कोरडे ठणठणीत असते. वाटेत थॉर्स केव्ह ही मोठी गुहा डोक्यावर दिसते. वेटन मिल ते स्वेन्सली बोगदा या दीडेक मैलांत मोटारीही येतात, तिथे मुलांना पुढे सोडू नये.

५. अप्पर डर्वेंटचा रस्ता. हा रेल्वेमार्ग नाही, तर धरणाकाठचा शांत रस्ता आहे. फेअरहोम्सपासून किंग्ज ट्रीपर्यंतचा भाग शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला मोटारींना बंद असतो. हेदर पाहायचा असेल तर ऑगस्टअखेर इथे यावे. जवळच्या लेडीबोवर धरणात डर्वेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही गावे १९४० च्या दशकात बुडाली. २०१८ सारख्या कोरड्या वर्षी डर्वेंट गावाचे अवशेष उघडे पडले होते. उजनीचे पाणी ओसरल्यावर वर येणारे पळसदेवचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते दृश्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

निघण्यापूर्वी

- ५०० वॉट-तासांची बॅटरी साधारण २५ ते ५० मैल पुरते. वजन, चढ आणि समोरचा वारा यांवर हिशेब बदलतो. मदतीची पातळी सर्वांत खाली ठेवावी आणि निम्मी बॅटरी संपण्याआधी परत फिरावे.
- ज्येष्ठांसाठी मधला दांडा खाली असलेली सायकल घ्यावी. आधी घराजवळच्या पार्कमध्ये ब्रेकचा सराव होऊ द्या. ओढणी, सैल सलवार चाकात जाणार नाही असे पाहा.
- हेल्मेट सक्तीचे नाही, पण घालावेच.
- पाहुण्यांच्या प्रवासविम्यात सायकल चालवणे धरले आहे का, ते वाचून घ्या. ए अँड ई मधील उपचार मोफत असले तरी पुढे दाखल करावे लागल्यास पाहुण्यांना सहसा बिल येते.
- वाट चालणाऱ्यांची आणि घोड्यांचीही आहे. लांबूनच घंटी वाजवावी, वेग कमी करावा. घोड्याजवळ मात्र घंटीऐवजी हाक मारावी.
- भाड्याने सायकल हवी असेल तर आधी फोन करून इलेक्ट्रिक सायकल राखून ठेवा.
- ऑगस्टच्या आरंभी सूर्य रात्री ९ च्या सुमारास मावळतो, सप्टेंबरअखेर पावणेसातलाच. परतीची वेळ त्याप्रमाणे ठरवा.

डब्यात पोळीचे रोल आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा असला की झाले. ऑक्टोबरअखेर घड्याळे मागे जातात आणि आई-बाबांच्या परतीच्या तिकिटाची तारीखही जवळ येते. म्हणून पुढचा कोरडा रविवार आजच ठरवून टाका. सहलीस शुभेच्छा!