औंधचे श्री भवानी संग्रहालय: काय आहे, काय पाहावे आणि खडवलीहून कसे जावे?

श्री भवानी संग्रहालय हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात औंध या गावी आहे. औंध संस्थानाचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी जमवलेल्या कलावस्तूंसाठी १९३८ मध्ये ते उभारण्यात आले. यमाई देवीच्या डोंगरावर, पायथा आणि शिखरावरचे मंदिर यांच्या मधोमध ही इमारत आहे.

हे संग्रहालय वेगळे का?

जगातील अनेक मोठी कलासंग्रहालये राजघराण्यांच्या खजिन्यातून तयार झाली. पॅरिसचे लूव्र राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. रशियाच्या हर्मिटेजची सुरुवात सम्राज्ञी कॅथरीनच्या संग्रहापासून झाली. व्हिएन्नातील कला संग्रहालय हाब्सबर्ग सम्राटांच्या संग्रहासाठी बांधले गेले आणि १८९१ मध्ये उघडले. ही सगळी त्या काळची राजधानीची शहरे होती.

औंध हे जेमतेम ७२ गावांचे संस्थान होते. तिथल्या राजाने गादीवर असतानाच, एका खेडेगावात आपला संग्रह लोकांना पाहता येईल अशी सोय केली. त्याच १९३८ साली त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि १९३९ मध्ये तशी राज्यघटना लागू झाली. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली झालेला हा बदल 'औंधचा प्रयोग' म्हणून ओळखला जातो. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. संग्रहालय मात्र गावातच राहिले. आज ते राज्य शासनाच्या पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

राजे भवानराव कोण होते?

भवानराव (१८६८–१९५१) यांना लोक बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणत. ते स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. सूर्यनमस्काराचा प्रसार त्यांनी आयुष्यभर केला. त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचे 'चित्र रामायण' १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारत प्रकल्पालाही त्यांनी मोठी मदत केली.

काय पाहावे?

• राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे: 'दमयंती', 'सैरंध्री' आणि 'मलबार सुंदरी' ही इथली सर्वांत प्रसिद्ध चित्रे. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासात विराटाच्या राजवाड्यात दासी म्हणून राहिलेली द्रौपदी. रविवर्म्यांची चित्रे बहुतेकांना देवघरातल्या तसबिरींमुळे आणि कॅलेंडरमुळे माहीत असतात. त्या छापील प्रती. इथे रंगाचा मूळ थर, कापडाची चमक आणि चेहऱ्यावरची छाया जवळून दिसते.

• मराठी चित्रकार: एम. व्ही. धुरंधर, बाबूराव पेंटर आणि माधव सातवळेकर यांची चित्रे. बाबूराव पेंटर म्हणजे मराठी चित्रपटसृष्टीचे एक आद्य दिग्दर्शक. ते मुळात चित्रकार होते, हे इथे लक्षात येते.

• लघुचित्रे: मुघल, पहाडी, विजापुरी अशा वेगवेगळ्या शैलींची. ही आकाराने लहान आणि बारकाव्यांनी भरलेली असल्याने त्यांना वेळ द्यावा.

• हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक': विसाव्या शतकातील या ख्यातनाम ब्रिटिश शिल्पकाराचे पाषाणशिल्प औंधसारख्या गावात आहे, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही.

याशिवाय हस्तिदंत आणि चंदनावरील कोरीव काम, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आणि जुन्या ग्रंथांचा संग्रहही आहे.

खडवलीहून कसे जावे?

१. खडवलीहून लोकलने कल्याणला या.
२. कल्याणहून साताऱ्याकडे जाणारी गाडी घ्या. कोयना आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस या मार्गाने जातात. लोणावळ्यानंतर मळवली स्थानक लागते. रविवर्म्यांचा चित्रे छापणारा प्रसिद्ध छापखाना मुंबईहून याच भागात हलवला गेला होता.
३. साताऱ्याहून एसटीने किंवा खासगी वाहनाने औंधला जा. अंतर साधारण ४० ते ४५ किलोमीटर आहे.

एका दिवसात जाऊन येण्याची घाई करू नका. साताऱ्यात मुक्काम केला तर संग्रहालय आणि यमाईचे दर्शन, दोन्ही निवांत होते.

निघण्यापूर्वी हे तपासा

• मोबाइलच्या नकाशात नुसते 'औंध' टाकल्यास पुण्यातले औंध दिसू शकते. 'औंध, सातारा' असे शोधा. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हेही वेगळे ठिकाण आहे.
• साप्ताहिक सुट्टी, उघडण्याची वेळ आणि तिकीट यांची आधी चौकशी करा.
• फोटो काढण्यापूर्वी परवानगी विचारा. फ्लॅश वापरू नका. तीव्र प्रकाशाने जुन्या चित्रांचे, विशेषतः कागदावरील लघुचित्रांचे, रंग फिके पडतात.

थोडक्यात

रविवर्म्यांचे मूळ चित्र पाहण्यासाठी परदेशी किंवा महानगरात जावे लागत नाही. राजाने ते गावच्या डोंगरावर ठेवले आणि तिथे जाणारा कोणीही ते पाहू शकतो.