डाख देणाऱ्यांची कंपनी

एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ आणि एक बंद पडलेला मोबाइल फोन आम्ही शेजारी शेजारी उघडून ठेवले. (वर्गात करणार असाल तर फोनची बॅटरी आधी काढा आणि तिला टोचू नका.) रेडिओतील पट्टीला भोके आहेत. रोधक, कपॅसिटर यांचे पाय त्यांतून पलीकडे गेले आहेत आणि प्रत्येक पायाशी डाखाचा, म्हणजे सोल्डरचा, एक थेंब आहे. फोनमधील भागांना असे पायच नाहीत. खसखशीएवढे भाग पट्टीच्या पृष्ठभागावरच बसवलेले आहेत.

या फरकामुळे उद्योगाची एक वेगळीच जात फोफावली. स्वतःच्या नावाची वस्तू न विकता दुसऱ्यांच्या वस्तू बनवून देणारे हे कारखाने. फ्लेक्स्ट्रॉनिक्स ही त्यांतलीच एक कंपनी.

१९६९ साली जो मॅकेन्झी यांनी ती कॅलिफोर्नियात काढली. सिलिकॉन व्हॅलीतील कंपन्यांकडे मागणी वाढली, की पट्ट्या भरायला हात अपुरे पडत. ते जादा काम मॅकेन्झींकडे येई. ते आणि त्यांच्या पत्नी बार्बरा-अ‍ॅन हातानेच भाग बसवून डाख देत व पट्ट्या परत करीत. सुटे भाग गिऱ्हाइकाचे, मजुरी यांची. आपण गिरणीत दळण टाकतो तसाच हा व्यवहार.

पण घरोघरी जाते होते तोवर गिरणीवाचून कुणाचे अडत नव्हते. इथेही तसेच होते. हाताने डाख देणे कंपन्यांना आपापल्या शेडमध्ये जमत होते. बाहेर जाई ते उरलेसुरले काम. १९८० च्या दशकात चित्र पालटले. पृष्ठभागावर भाग बसवण्याचे तंत्र पसरले. त्यात जाळीतून डाखाची पेस्ट पट्टीवर लावतात, यंत्र तिच्यावर भाग ठेवते आणि भट्टीतून जाताना पेस्ट वितळून सांधे पक्के होतात. एवढे बारीक भाग हाताने भराभर बसवणे शक्य नव्हते. यंत्र तासाला हजारो भाग बसवते, पण ते महाग असते आणि रिकामे राहिले तर मालकाला परवडत नाही. एका कंपनीच्या मागणीत चढउतार असतात. दहा कंपन्यांचे काम एकत्र केले, तर यंत्र अखंड चालू ठेवता येते. आमच्या मते या धंद्याचे मर्म इथे आहे. स्वस्त मजुरीचे कारण नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे.

१९८० मध्ये मॅकेन्झींनी कंपनी विकली. १९८१ मध्ये नव्या मालकांनी सिंगापूरला कारखाना काढला आणि पुढे कंपनीचे ठाणेही तिथेच गेले. १९९४ मध्ये मायकेल मार्क्स प्रमुख झाले. आता मोठ्या कंपन्या आपले कारखानेच विकू लागल्या होत्या. १९९७ मध्ये फ्लेक्स्ट्रॉनिक्सने स्वीडनमधील कार्ल्सक्रोना येथील एरिक्सनचा कारखाना घेतला. काम तेच, मालक नवा. १९९४ च्या आर्थिक वर्षात सुमारे १३ कोटी डॉलर असलेली विक्री २००१ मध्ये सुमारे १,२०० कोटींवर गेली.

गिरणी सहसा गावातून हलत नाही. हे कारखाने मात्र हलतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्राचे काम फ्लेक्स्ट्रॉनिक्सला मिळाले. ते मेक्सिकोत ग्वादालाहारा आणि हंगेरीत सारवार येथे सुरू झाले. युरोपात विक्री सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच, एप्रिल २००२ मध्ये, किंमत उतरवावी लागली. खर्च कमी करणे भाग होते. त्याच वर्षी सारवारचे हे काम चीनमधील दोउमेनला नेण्यात आले. सारवारच्या कामगारांच्या कामात खोट होती असे नव्हे. यंत्राच्या मागच्या लेबलवर हंगेरीच्या जागी चीनचे नाव आले. पुढचे नाव पहिल्यापासून मायक्रोसॉफ्टचेच होते.